पलीकडचा कोपरा

मंगळवार, ९ जून, दुपार

टिल्लू,

सहा फुटी माणसाला टिल्लू म्हणू नकोस, असं तू मला बजावलं आहेस. पण माझ्याकडे तुझं दुसरं नाव नाही, आणि रागात असताना तर मुळीच नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज न वाचता पुसतोस. पाकीट मात्र फोडशील. समोर पाकीट दिसलं की कुणाच्या नावाचं आहे हे न बघता फोडायची तुझी खोड जुनी आहे. माझे दोन निकाल माझ्याआधी तूच वाचले होतेस.

आधी बातमी. तुझी लेक जिंकली. तिसरी फेरी, तिसरा सेट, सात-पाच. सोळा वर्षांखालच्या या टेनिस स्पर्धेत चौसष्ट मुली आल्या, त्यांतल्या आठ उरल्या, आणि त्या आठांत आपली खारू आहे. उद्या उपांत्यपूर्व सामना. दुसरी सर्व्हिस अजून भित्री आहे, पण आज तिने बॅकहँड असा मारला की बाजूच्या कोर्टवरच्या मुली खेळ थांबवून बघत होत्या.

आता जे झालं ते सांगते, कारण दुसऱ्या कुणाकडून ऐकशील तर उलटंच ऐकशील.

तुझ्या मुलीला इथे चोर म्हटलं गेलं. हो, चोर! शब्द सभ्य होते. 'खिलाडूवृत्तीला न शोभणारं वर्तन.' चोरीला इस्त्री केली की असा शब्द तयार होतो.

इथल्या पहिल्या फेऱ्यांना खुर्चीत पंच बसत नाही. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे खेळाडूनेच सांगायचं. चार कोर्टांत मिळून एक फिरता पंच, भांडण झालं तरच येणार. कोर्ट लाल मातीचं, त्यामुळे बॉल टेकला की बोटभर खूण उमटते. मॅच पॉइंटला समोरच्या मुलीने, तिला आम्ही वेणीवाली म्हणतो, फाटकाजवळच्या कोपऱ्यात खोल बॉल मारला. खारू म्हणाली, बाहेर. वेणीवालीने खूण दाखवायला सांगितली. खारूने रेघेबाहेरच्या एका खुणेभोवती रॅकेटने गोल काढला. वेणीवाली म्हणाली, ही जुनी आहे, माझी ती, रेघेवरची. फिरता पंच आला, वाकला, दोन्ही खुणा बघून खांदे उडवले आणि म्हणाला, कुठली हे ठरत नाही, म्हणजे आधीचा निर्णय कायम. नियम तसाच आहे. सामना संपला.

मी कुंपणाशीच उभी होते, पण नेमका मध्ये खांब होता.

सामना संपल्यावर आम्ही आमची रीत पाळली. तुला माहीत आहे माझी रीत. कोर्ट जसं मिळालं तसं परत द्यायचं. माझ्या हाताखाली शिकणारं प्रत्येक पोर स्वतः खेळलेलं कोर्ट स्वतः झाडतं, माती सारखी करायची ती रुंद जाळी ओढत, मग ते जिंकलेलं असो की रडत असो. इथे कुणीच झाडत नाही. कोर्ट राखणारे म्हातारबुवा पहिल्या दिवशी मला जाळी देताना असे बघत होते, जणू मी त्यांची नोकरी मागायला आले आहे. रोजच्यासारखा आज मीही जाळीला हात लावला.

आणि दहा मिनिटांनी वेणीवालीचा कोच, तो सदा उलटी टोपी घालणारा, मुख्य पंचाला हाताला धरून घेऊन आला. 'बघा,' म्हणाला, 'खूण पुसली! मुद्दाम पुसली!'

मी त्यांच्या ऑफिसात गेले. पत्र्याची खोली, कोपऱ्यात कागद गिळणारा प्रिंटर, भिंतीवर सामन्यांचा तक्ता, आणि त्या तक्त्याखाली मुख्य पंच, पेनाचं झाकण उघडत-मिटत. मी विचारलं, कोर्ट झाडणं हा कधीपासून गुन्हा झाला? जी मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून जिंकून-हरून जाळी ओढते आहे तिला तुम्ही स्वच्छतेची शिक्षा देणार? ज्यांची पोरं बाटल्या, कागद, टेप तिथेच टाकून निघून जातात त्यांनी आम्हाला वृत्ती शिकवायची? आवाज चढला असेल. शेजारच्या टेबलावर रॅकेटला तार ओढणारा माणूस मशीन थांबवून दारात येऊन उभा राहिला. मी बोलत असताना लोक दारात येतात, याची मला सवय आहे.

मुख्य पंच म्हणाले, 'मॅडम, लेखी द्या.' तेवढंच. अर्धा तास बोलल्यावर माणसाला एवढंच सुचतं!

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. मी लेखी दिलं. तीन पानं.

निघताना म्हातारबुवा म्हणाले, 'बाई, आज तुमची पावलं राहिली.' दमले होते, दुसरं काय.

ताई


बुधवार, १० जून, सकाळ

टिल्लू,

आमच्यावरची तक्रार फेटाळली. सकाळी आठला बोलावलं होतं. टोपीवाला, मी, मुख्य पंच आणि म्हातारबुवा. खारूला मी बाहेर बाकावर बसवलं. म्हातारबुवांना विचारलं, ही बाई मुद्दाम झाडते का? ते म्हणाले, 'या रोज झाडतात. आल्या त्या दिवसापासून. सरावानंतरसुद्धा. माझ्या उभ्या आयुष्यात अशी माणसं पाहिली नाहीत.' झालं. टोपीवाल्याची टोपी सुलटी होईल असं वाटलं होतं, पण तसल्यांची होत नाही.

तरी या लोकांचा कोतेपणा बघ! तक्रार फेटाळली म्हणतात आणि आज खारूच्या सामन्याला एक पंच खास बसवला आहे. फक्त तिच्या कोर्टवर. बाकी तीन कोर्टं मोकळी. म्हणजे निर्दोष सोडायचं आणि दाराशी शिपाई ठेवायचा. मी पुन्हा ऑफिसात जाणार होते. खारूने माझा हात धरला. 'आत्या, नको. बसू दे त्याला.'

'का बसू दे? तुझा अपमान आहे हा!'

'असू दे ना. मला बरं वाटेल.'

बरं वाटेल म्हणे! पंधरा वर्षांच्या पोरीला बरं कशात वाटावं?

ती नीट जेवत नाही. आमच्या खोलीत दोन पलंग, एक खिडकी आणि एक बेसिन आहे, त्यात मी रोज तिचे मोजे धुते आणि लाल पाणी जाताना बघत राहते. काल ती पलंगावर पालथी पडून होती. म्हटलं, जिंकलेली मुलगी अशी पडते का? तर म्हणाली, बाबांचा फोन येऊन गेला.

म्हणजे तू फोन करतोस. रोज. सामन्याआधी. मला हे इथे येऊन कळतं. तू तिला माझ्या हवाली केलंस हे विसरलास? नऊ वर्षांची असताना तुझ्या बायकोने तिला माझ्या कोर्टवर आणून सोडलं, तू गाडीतच बसून होतास, काच वर करून. मी म्हटलं, असू दे, काचेआडून का होईना, आला. सहा वर्षं तिची ग्रिप, तिची पावलं, तिचा श्वास मी बसवला, आणि आता तू शेकडो मैलांवरून कानात काय सांगतोस? विचारलं तर ती म्हणते, काही नाही, ऑल द बेस्ट. ऑल द बेस्ट म्हणायला वीस मिनिटं लागतात?

एका पोरीला दोन कोच म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. त्यातली एक गंजलेली. हे मी रागात लिहिते आहे आणि खोडणार नाही.

दुपारी सामना. निघते.

ताई


गुरुवार, ११ जून, सकाळ

टिल्लू,

काल जिंकली. सहा-चार, सहा-चार. उद्या उपांत्य सामना. पण आज मी तुला सामन्याचं लिहायला बसलेली नाही.

मंगळवारचं पत्र मी पोस्टात टाकलं नाही. तिकीट चिकटवलं, पेटीपर्यंत गेले, आणि पाकीट परत पिशवीत घातलं. कारण तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. आता न सांगायची सवड मला कुणी ठेवलेली नाही.

काल सामन्यानंतर आम्ही जाळी घेतली. खारू जाळी धरून उभीच राहिली. 'आत्या, कुठून सुरू करायचं?'

मी म्हटलं, 'हे काय विचारणं झालं? पलीकडच्या कोपऱ्यातून. फाटकापासून लांबच्या. म्हणजे झाडत झाडत आपण फाटकाशी येतो आणि मागे आपली पावलंसुद्धा राहत नाहीत.'

'मग काल तू फाटकाजवळून का सुरुवात केलीस?'

टिल्लू, मी सभा जिंकलेली बाई आहे. संप मिटवले आहेत, विश्वस्तांना खाली बसवलं आहे, एकदा तर भर पावसात छत्री मिटून पाऊण तास बोलले आहे. आणि एका मुलीच्या साध्या प्रश्नाला मी उगाच जाळीची दोरी सोडवत राहिले.

'तुला दिसलं होतं ना?' ती म्हणाली. 'आत होता.'

त्या कोपऱ्यात खांब नाही. कुठेच नाही. मी फाटकाशी उभी होते, चार हातांवर. बॉल रेघेच्या मागच्या काठावर टेकला, अर्धा रेघेवर, अर्धा बाहेर. म्हणजे आत. हे कळायला पंच लागत नाही. खारूने दुसऱ्याच खुणेभोवती गोल काढला तेव्हा माझ्याकडे बघायचं टाळलं, तेही दिसलं. सामना चालू असताना कोचने तोंड उघडायचं नाही हा नियम आहे, त्या नियमाचे मी मनात आभार मानले. सामना संपल्यावर तो नियम संपतो. तेव्हा मी काय केलं? तिच्या हातातून जाळी घेतली आणि थेट त्या कोपऱ्याकडे गेले. त्यानंतर उरलेलं कोर्ट नीट झाडलं, मध्ये थांबून रेघासुद्धा ब्रशने स्वच्छ केल्या. पण पलीकडच्या टोकाला संपवून परत फाटकाशी येताना झाडलेल्या मातीत माझी पावलं उमटली. म्हातारबुवांना ती दिसली. पंचांसमोर खोटं ते एक अक्षर बोलले नाहीत. मी रोज झाडते हे खरंच आहे. माझी पंचवीस वर्षांची चांगली सवय माझ्या वतीने खोटी साक्ष देऊन आली.

आणि मी त्यावर तीन पानं लिहून दिली! लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मी खारूला म्हटलं, 'तू बाहेर का म्हणालीस?'

'बाबांनी सांगितलं होतं. संशय असला की बाहेर म्हणायचं. सगळ्याच म्हणतात. जी आत म्हणते ती घरी जाते.'

'आणि मी काय शिकवलं? सहा वर्षं?'

'संशयाचा बॉल समोरच्याचा.' तिने ते पाठांतर म्हणावं तसं म्हटलं. मग म्हणाली, 'पण संशय नव्हताच आत्या. मला दिसलं होतं. मला तेव्हा दोघांचेही आवाज ऐकू येत होते आणि बाबांचा मोठा होता.'

मग रडली, आणि रडता रडता चिडली. आपल्या घरात रडणं चिडल्याशिवाय पुरं होत नाही. 'तू बाबांच्या वेळी सगळ्या क्लबसमोर उठून बोललीस ना? मग काल का नाही बोललीस? मी वाट बघत होते. मला वाटलं, आता आत्या बोलेल आणि संपेल. तू जाळीच घेतलीस!' आणि मग नाक पुसत म्हणाली, 'बाबा म्हणतात, आत्याला फक्त त्यांच्याच बाजूला पडलेले बॉल आत दिसतात.'

हे वाक्य तू घरात बोलतोस. जेवताना बोलत असशील. मला राग यायला हवा होता. आला नाही, याचा राग आला.

आम्ही कोर्ट झाडलं. पलीकडच्या कोपऱ्यातून. मग मी म्हटलं, 'मी जाते ऑफिसात.' ती म्हणाली, 'आधी मी तिच्याकडे जाते.'

वेणीवाली अजून इथेच आहे, दुहेरीत खेळते आहे. कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बूट बांधत होती. खारू तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, 'तुझा बॉल आत होता. मी खोटं बोलले.' त्या मुलीने मान वर केली नाही. 'मला माहीत होतं,' म्हणाली, आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला लागली. मोठ्या भाषणाला इतकं चोख उत्तर मला कुणी दिलेलं नाही. खारू तिथेच उभी. तेव्हा ती मुलगी म्हणाली, 'परवा तुझ्याशी खेळणारी आहे ना, तिला उंच बॉल झेपत नाहीत.' आणि निघून गेली.

मी ऑफिसात गेले. या वेळी आवाज चढला नाही, म्हणून की काय तारवाला दारात आला नाही. मुख्य पंचांनी सगळं ऐकलं. निकाल बदलत नाही, म्हणाले, सामना संपला की संपला. खारूला लेखी ताकीद, तिच्या नोंदीत राहील. स्वतः येऊन सांगितलं म्हणून खेळता येईल. आणि माझा बिल्ला काढून घेतला. स्पर्धा संपेपर्यंत मला फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. कधी नव्हे ते मी 'बरोबर आहे' म्हटलं. त्यांना ते ऐकून इतकं नवल वाटलं की पेनाचं झाकण हातातून पडलं.

'हे लेखी देऊ का?' मी विचारलं.

'नको मॅडम,' ते घाईने म्हणाले. 'कालची तीन पानं अजून वाचतो आहे.'

खारूने रात्री तुला फोन केला नाही. तू केलास तेव्हा उचलला नाही. तिला म्हटलं, उचल, बाप आहे तुझा. ती म्हणाली, 'सामना झाला की उचलेन.' पीळ कुणाचा आहे हे तुलाही कळतं आणि मलाही.

ताई


शुक्रवार, १२ जून, संध्याकाळ

टिल्लू,

ही चारही पत्रं एका पाकिटात घालते आहे आणि आजच्या कुरिअरने तुझ्या घरी पाठवते आहे, उद्या पोचतील. वर खारूचं नाव लिहिलं आहे, म्हणजे तू नक्की फोडशील.

आधी भांडते. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला फोनवरून चोरी शिकवणारा बाप मला कुणी दुसऱ्या घरचा दाखवला असता तर मी त्याला चौकात उभा केला असता. तू जगाकडे बोट दाखवशील, सगळ्याच म्हणतात म्हणशील. सगळ्याच म्हणत असतील! सगळ्याच म्हणतात म्हणून रेघ सरकत नाही. तुझ्या लेकीने त्या मातीत खोटा गोल काढला, तो तुझ्या ऑल द बेस्टने. हे मी तुला माफ करणार नाही, निदान या महिन्यात नाही.

पण जी आत म्हणते ती घरी जाते, हे तू कुठे शिकलास ते मला माहीत आहे. ते तुला मी शिकवलं.

सत्तावीस वर्षं झाली. निवडीचा अंतिम सामना, आपल्या क्लबचं सिमेंटचं कोर्ट, खूण राहायचा प्रश्नच नाही. तू सतरा वर्षांचा. जो जिंकेल तो संघातून परदेशी जाणार. शेवटच्या सेटमध्ये तू बाहेर म्हणालास, समोरचा मुलगा आत म्हणाला, आणि पंचांनी प्रेक्षकांकडे वळून विचारलं, कुणी पाहिलं का? मी उठले. 'बॉल आत होता. माझा सख्खा भाऊ आहे, तरी सांगते, आत होता.' टाळ्या पडल्या. तो पॉइंट गेला, मग गेम गेला, मग तू गेलास. दुसऱ्या दिवशी क्लबच्या फळ्यावर माझं नाव लागलं होतं. सहा महिन्यांनी मला तिथेच कोच नेमलं, कारण काय, तर बाई सख्ख्या भावालाही सोडत नाही. तू रॅकेट माळ्यावर टाकलीस. आईच्या आजारपणात दवाखान्याच्या एका बाकावर आपण दोघं आठ दिवस बसलो, मध्ये थर्मास ठेवून.

आता ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी बॉल पाहिलाच नव्हता.

मी तुझ्याकडे पाहत होते. तुझ्या चेहऱ्याकडे. तू बाहेर म्हणालास तेव्हा तुझा खालचा ओठ दाताखाली गेला, आणि मला वाटलं, हा खोटं बोलतोय. आईच्या डब्यातलं काही खाल्लंस की तू तसाच ओठ चावायचास. तेवढ्यावरून मी निकाल दिला. तू हरायच्या भीतीनेही ओठ चावत असशील, हे माझ्या तेविसाव्या वर्षी माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात तेव्हा पुस्तकं होती, न्याय होता, आणि उठून उभं राहिल्यावर माणसं गप्प होतात त्याची चव होती. बॉल आत होता की बाहेर, मला आजही माहीत नाही. तुला माहीत आहे. तू तेव्हा ओरडून सांगत होतास आणि माझ्या आवाजापुढे कुणाला ते ऐकू गेलं नाही.

जिथे दिसलं नव्हतं तिथे मी ओरडले, आणि मंगळवारी चार हातांवरून दिसलं तेव्हा जाळी ओढली. दोन्ही वेळा लोकांनी मलाच प्रामाणिक म्हटलं. या गोष्टीचा मला जो संताप येतो आहे तो कुठल्या ऑफिसात जाऊन काढू, सांग.

आजचा सामना मी बाहेरून ऐकला. कुंपणाला हिरवं कापड बांधलं आहे, त्यातून काही दिसत नाही. पण खारूचा फोरहँड मला आवाजावरून कळतो, आणि उंच बॉल मारले की थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, मग पलीकडे चुकल्याचा आवाज येतो. ती वेणीवालीचं ऐकत होती. पहिला सेट तिने घेतला. दुसरा गेला. तिसऱ्यात पाच-पाच असताना टोपीवाला माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याच्याकडे बिल्ला होता, तो आत जाऊ शकत होता. मुद्दाम बाहेर उभा राहिला असणार.

आतून खारूचा आवाज आला, 'बाहेर!' मग समोरच्या मुलीचा चढा आवाज. मग पंच खुर्चीवरून उतरल्याचं कळलं, लोखंडी पायरी वाजली.

टोपीवाला हसत म्हणाला, 'काय मॅडम? कुठे पडला बॉल? आत की बाहेर?'

टिल्लू, माझ्या जिभेवर आलं होतं. माझी विद्यार्थिनी, आता ती खोटं बोलणार नाही, बाहेरच असणार, अशी चार वाक्यं तयार होती. चांगली होती. शेवटी टाळी पडली असती.

मी म्हटलं, 'मला दिसलं नाही.'

'मग?'

'मग काही नाही. जे आत आहेत ते बघतील.'

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा उलटी घातली.

पंच पुन्हा खुर्चीवर चढला. बॉल बाहेर होता. तो पॉइंट खारूचा, तो गेमही खारूचा. आणि तरी ती हरली, सात-सहा. दुसरी सर्व्हिस. मी म्हटलं होतं ना, भित्री आहे. त्यावर आम्हाला काम करायचं आहे.

ती लगेच बाहेर आली नाही. मी वाट बघत राहिले. पंधरा मिनिटांनी फाटक उघडलं, बूट लाल, डोळे लाल. 'एकटीने ओढली जाळी,' म्हणाली. 'जड आहे.' तिच्यामागून म्हातारबुवा आले. मला आत जाता येत नव्हतं म्हणून त्यांनीच सांगितलं, 'पावलं नाहीत, बाई.'

तिने तुला फोन लावला. मी लांब जाऊन उभी राहिले. एवढंच ऐकू आलं, 'हो, हरले. नाही बाबा, बाहेर होता, खरंच बाहेर होता.' मग ती बराच वेळ ऐकत होती. तू काय बोललास ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

क्लबची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. मी उठणार आहे. या वेळी वाक्य एकच आहे, आज टोपीवाल्याला म्हटलं तेच, फक्त सत्तावीस वर्षं उशिरा. तू आलास तर तुझ्यासमोर म्हणेन, नाही आलास तरी म्हणेन. त्यानंतर त्यांना मी कोच म्हणून नको असेन तर खारूला दुसरं कोर्ट शोधू, पण दुसरी सर्व्हिस मीच बसवणार, हे आताच सांगून ठेवते.

रविवारी सकाळी साडेनऊला स्टेशनवर उतरतो. तिच्या दोन बॅगा आहेत, ये. आत यायला नको असेल तर गाडीतच बस, काच वर करून. या वेळी काचेवर टकटक मी करीन.

ताई